वाईनची द्राक्षं : ब्रिक्स २१.५ ला अडकलंय, पाणी तोडू का?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात शिराझ (वाईनची काळी जात) आहे, दोन एकर, आधी थॉमसन (खायची द्राक्षं) होता तो काढून लावलाय आणि वायनरीशी कराराचं हे पहिलंच वर्ष. करारात २३ ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, लिहिलंय. काल दुपारी मोजलं तर २१.५, आठ दिवसांपूर्वी पण जवळपास तेवढंच होतं. शेजारचे म्हणतात पाणी पूर्ण बंद कर, साखर झपाट्याने चढेल. त्यात ढग येतायत, अवकाळीचा अंदाज आहे. खुडा करून टाकू की थांबू? रात्री झोप नाही राव.

—

निफाडचा बागायतदार:
दादा आधी सांगा नमुना कसा घेतला? बांधावरून चालताना हाताला आलेले उन्हातले चार मणी पिळले असतील तर तो आकडा धरूच नका. शंभरेक मणी घ्या, प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे पण, सावलीतले सुद्धा, सगळे एकत्र चुरून गाळून मग रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायच्या यंत्रावर) थेंब टाका. आणि दर वेळी सकाळी एकाच टायमाला. दोन रीडिंग वेगवेगळ्या पद्धतीने घेतली तर साखर अडकली का मोजण्यात चूक झाली ते कळणारच नाही.

—

वाईनवाला काका, सांगली:
पाणी एकदम तोडू नकोस बाळा. वेल ताणावर गेली की पानं पिवळी पडतात, पानं गेली तर साखर बनवणार कोण? मणी सुकून ब्रिक्स वर दिसतं पण ती नुसती पाणी उडाल्याची गोडी, आणि शिराझचा मणी तसाही शेवटी लवकर सुरकुततो. ड्रीप कमी कर, वाफसा राहील, म्हणजे माती जेमतेम ओलसर राहील, इतपत चालू ठेव.
दुसरं म्हणजे बी चावून बघ. बी तपकिरी होऊन कुरकुरीत लागत असेल तर माल पिकत आलाय, हिरवी असेल तर २३ आलं तरी वाईन तुरट होणार. थॉमसनमध्ये आपण मण्याचा साईज आणि चमक बघायचो, ते डोक्यातून काढून टाक. वायनरीवाले पीएच आणि आम्लता पण बघतात, त्यांच्या माणसाला आत्ताच फोन कर, पाऊस येणार असेल तर बरेच जण थोडं अलीकडे पण माल घेतात. माझा पहिल्या वर्षी फोन करायचा राहिला आणि अर्धा ट्रॅक्टर माल परत आला, अजून लागतं ते मनाला.

—

प्रश्नकर्ता:
काका खूप आभार. आज सकाळी शंभर मण्यांचा नमुना घेतला, २२.२ आलं! बी तपकिरी आहे. भुरी (पांढरी बुरशी) थोडी दिसतेय, गंधक मारू का?

—

वाईनवाला काका, सांगली:
अजिबात नको! खुड्याच्या तोंडावर गंधक मारलं की ते रसात उतरतं आणि यीस्ट त्याचा सडक्या अंड्यासारखा वास करतं. कुठलंही औषध असो, लेबलवरचे काढणीआधीचे दिवस मोजूनच. भुरीचे घड हाताने काढ, खुड्याच्या क्रेटमध्ये एकही जाता कामा नये.

—

निफाडचा बागायतदार:
पाऊस पडलाच तर लगेच तोडू नका, मणी पाणी ओढतो, ब्रिक्स खाली येतं. दोन-तीन दिवस ऊन मिळू द्या, तडे गेलेले घड रोज काढा. जाळी लावलीय ना? भोरड्या पक्ष्यांचा थवा उतरला की तासाभरात ओळ साफ. मजूर पहाटेच बोलवा, ऊन चढायच्या आत माल गाडीत पाहिजे, क्रेट वरपर्यंत दाबून भरू देऊ नका. आणि खुडा झाला म्हणून पाणी बंद करू नका, एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत (खुड्यानंतरची मोठी छाटणी) वेलीला खोडात अन्न साठवायचं असतं.

—

प्रश्नकर्ता:
जाळी आजच बांधतो. वायनरीच्या माणसाला फोन झाला, परवा बागेत येतायत, तोवर ड्रीप निम्म्यावर आणलीय.