विचारांचा वेग म्हणजे बुद्धी का?

मूळ धागा:
झटपट उत्तर देणाऱ्याला आपण हुशार म्हणतो आणि थांबून विचार करणाऱ्याला मंद. ही समजूत अन्यायकारक तर आहेच, शिवाय चुकीचीही आहे, असे माझे ठाम मत आहे. निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेल्या चाचणीतला एक प्रश्न पाहा. तळ्यातल्या कमळपानांचा विस्तार रोज दुप्पट होतो आणि ४८ दिवसांत सगळे तळे झाकले जाते; तर अर्धे तळे किती दिवसांत झाकले जाईल? चटकन ओठांवर येते २४, बरोबर उत्तर ४७; कारण विस्तार रोज दुप्पट होत असल्याने तळे पूर्ण झाकले जाण्याच्या आदल्या दिवशी ते अर्धे झाकलेले असते. गणित मुळीच अवघड नाही. सुचलेले उत्तर तपासून पाहण्याची तयारी मात्र हवी, आणि विवेक म्हणतात तो यालाच.

प्रतिसाद १:
असहमत. प्रतिक्रियेला लागणारा वेळ आणि बुद्ध्यंक यांच्यातला संबंध फार दाट नसला, तरी तो वारंवार आढळला आहे. त्याचे कारणही पटण्याजोगे आहे: मनात तात्पुरती धरलेली माहिती लवकर विरते, त्यामुळे ज्याचे मन जलद चालते त्याला पहिला दुवा निसटण्याआधी शेवटचा जोडता येतो. मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये वाढत्या वयातली आकलनाची घट याच आधारे उलगडली. शिवाय, अशा फसव्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देणाऱ्या अनेकांना ती पहिल्या झटक्यातच सुचतात, असे विम द नेस यांच्या प्रयोगांत दिसले. मग सारे श्रेय थांबण्याला का द्यावे?

धागाकर्ता:
क्षमता आणि ती वापरण्याची वृत्ती या दोन गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच १९९३ पासून हेच मांडत आले आहेत. 'सर्व सजीवांना पाणी लागते, गुलाबाला पाणी लागते, म्हणून गुलाब सजीव आहे' हा युक्तिवाद बहुतेकांना बिनचूक वाटतो, कारण निष्कर्ष खरा आहे. त्याच साच्यात 'सर्व कीटकांना ऑक्सिजन लागतो, उंदराला ऑक्सिजन लागतो, म्हणून उंदीर कीटक आहे' असे म्हटले की खोट लगेच दिसते. ती पहिल्या वाक्यातही होतीच. पण पटणारे ऐकले की चांगली बुद्धीही तपासणी सोडून देते.

प्रतिसाद २:
तपासणीलाही वेळेची किंमत मोजावी लागते. धोका समोर असताना पर्याय तोलत बसणे हा अविवेकच होय. मिखाएल शिर्नर आणि सहकाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासात अधिक बुद्ध्यांकाची माणसे सोप्या प्रश्नांत जलद, तर अवघड प्रश्नांत संथ आढळली. त्यामुळे वेग की संयम, हा वाद मला अपुरा वाटतो. प्रश्न अवघड आहे हे मुळात ओळखायचे कसे, यावर दोघांनीही लिहावे.