ज्यो तुम्हाला कुठे भेटली?

'चौघीजणी' ज्या घरात असतं तिथे ते कधीच धड अवस्थेत नसतं, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या प्रतीची पहिली आठ पानं गायब होती. त्यामुळे हे शान्ता शेळक्यांनी केलेलं लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चं भाषांतर आहे, हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यातल्या चार बहिणींपैकी लिहिणारी ज्यो मार्च अमेरिकेतली, यादवी युद्धाच्या काळातली. मला ती आमच्याच कुठल्यातरी लांबच्या आत्याकडची वाटायची.

दहावीच्या सुट्टीत वाचलं आणि सगळ्यात जास्त भुलले ते तिच्या टोपीला. ती माळ्यावर लिहायला बसायची तेव्हा अंगात काळा लोकरी एप्रन, म्हणजे टाक पुसायची सोय, आणि डोक्यावर लाल फीत लावलेली टोपी. घरातली माणसं हळूच डोकावून आधी टोपी बघायची. कपाळावर ओढलेली असली की काम जोरात आहे, तिरकी झाली की गोष्ट रंगलीय, आणि जमिनीवर फेकलेली दिसली की आल्या पावली मागे. मी आईचा स्कार्फ डोक्याला गुंडाळून बसले. आई आत आली आणि म्हणाली, "डोकं दुखतंय का गं? बाम चोळू?"

तर ज्यो तुम्हाला कुठे भेटली आणि तुमच्या लिहिण्याचं तिने काय भलंबुरं केलं, ते लिहा. आवडत नसेल तर तेही लिहा. सिनेमातून भेटली असली तरी चालेल.

*

साताऱ्याहून लिहितेय. मला टोपी नाही आठवत, वही आठवते. थोरल्या दोघी बहिणी नाटकाला जातात, धाकट्या ॲमीला नेत नाहीत, म्हणून ती ज्योची गोष्टींची वही जाळते. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ज्योने नुकतंच सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून कच्चे कागद टाकून दिलेले असतात. दुसरी प्रत नाहीच.

आमच्याकडे तेव्हा बंब होता. सकाळी पेटवायला कागद लागायचे. माझ्या दोनशेपानी वहीत सव्वाचार कथा होत्या. धाकट्या भावाने ती एका आठवड्यात पानापानाने बंबात घातली. भांडणबिंडण काही नव्हतं, त्याला शाळेला उशीर होत होता इतकंच. ॲमीने निदान रागाच्या भरात जाळली हो! माझ्या वहीवर पाणी तापलं.

पुस्तकात पुढे ॲमी बर्फ फुटून नदीत पडते, आणि ज्यो स्वतःच्याच रागाला घाबरते. तेव्हा आई तिला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं झाली, आवरायला शिकलेय फक्त. हे वाचलं त्या दिवशी मी पोळ्या लाटणाऱ्या माझ्या आईकडे बराच वेळ बघत बसले होते. "काय गं?" म्हणाली. "काही नाही" म्हटलं.

*

मी पुरुष आहे, आधीच सांगतो. ताईचं पुस्तक म्हणून चोरून वाचलं. दिवसा बँकेत असतो, आणि रात्री दुसऱ्याच नावाने दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहितो. कुठलं नाव, ते विचारू नका. सासूबाई त्या नावाच्या चाहत्या आहेत.

त्यामुळे मला ज्योचा हिशोब लक्षात राहिला. बक्षिसाचे १०० डॉलर मिळाले, ते आजारी बहिणीला, बेथला, आणि आईला समुद्रावर पाठवायला गेले. मग एका गोष्टीतून खाटकाची उधारी फिटली, एकीतून नवा गालिचा आला, आणि शापाबिपाची जी कथा होती तिच्यावर किराणा आणि कपडे. असा हिशोब लिहिणारी लेखिका मला फार जवळची वाटते. पुढे न्यूयॉर्कात ती 'वीकली व्होल्कॅनो' या साप्ताहिकात नाव न देता सनसनाटी कथा देते. संपादक पैसे देतो, पण तिने जपून पेरलेली बोधपर वाक्यं सगळी उडवतो. (माझ्या संपादकांनी बोध कधीच उडवला नाही. मुळात नसतो.)

आणि मग तिथेच ओळख झालेला तो प्रोफेसर भाएर असल्या लेखनाबद्दल नाक मुरडतो आणि ही बया सगळा गठ्ठा शेगडीत घालते. तिथे मी पुस्तक मिटलं, ते दोन वर्षांनी उघडलं. गंमत अशी की अल्कॉटबाईंनी स्वतः 'ए. एम. बर्नार्ड' या नावाखाली सूडाच्या, कारस्थानाच्या भरपूर कथा लिहिल्या होत्या. ते नाव त्यांचं होतं हे १९४३ साली, म्हणजे त्या जाऊन ५५ वर्षं झाल्यावर, उजेडात आलं. नायिकेला जाळायला लावलं, स्वतः मात्र मानधन घेतलं. याला म्हणतात धंदा!

*

केस विकते तो प्रसंग. पंचवीस डॉलर. वडिलांसाठी. दिवसा ऐटीत सांगते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते, ते केसांसाठीच. मला यापलीकडे काही आठवत नाही आणि एवढं पुरतं.

*

बॉस्टनजवळ राहतो आम्ही. नॉर्थ स्टेशनहून लोकल पकडली की कॉन्कर्ड येतं. तिथे ऑर्चर्ड हाउस आहे, तपकिरी लाकडी घर. अल्कॉटबाईंनी पुस्तक तिथेच लिहिलं. मायलेकी गेलो होतो, आई भारतातून आली होती तेव्हा.

मला भव्य काहीतरी अपेक्षित होतं. वरच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला ठोकलेली अर्धगोल फळी आहे. बस्स. वडिलांनी करून दिलेली. आमच्या देवघराचा पाट याहून मोठा होता. ताट ठेवलं तर वाटीला जागा उरणार नाही. तिथे बसून त्यांनी १८६८च्या मे ते जुलैमध्ये पहिला भाग उरकला, आणि तोही मनाविरुद्ध. प्रकाशकाला मुलींसाठी पुस्तक हवं होतं. यांचं म्हणणं, बहिणी सोडल्या तर मला मुली फारशा माहीत नाहीत आणि आवडतही नाहीत. पण त्याच प्रकाशकाने हक्क विकू नका, रॉयल्टी घ्या असा सल्ला दिला आणि घरादाराची कर्जं फिटली.

आई त्या फळीसमोरून हलेना. मागे रांग. शेवटी म्हणाली, "हिच्याकडे निदान वडिलांनी फळी तरी ठोकून दिली." आईने आयुष्यात कधी काही लिहिल्याचं मला माहीत नव्हतं. गाडीत विचारलं तर विषय बदलला. मग आम्ही स्लीपी हॉलोच्या दफनभूमीत गेलो. तिथे त्यांच्या लहानशा दगडापाशी लोक पेनं ठेवून जातात. आईने पर्समधलं बॉलपेन काढलं, कागदावर चालतंय का बघितलं, आणि मग ठेवलं.

*

माफ करा, पण मला ज्यो आवडत नाही. आदळआपट फार. मी ॲमीच्या बाजूची (साताऱ्याच्या ताई, वहीचं सोडून). ॲमीला काय हवं ते ती सरळ सांगते. आणि ज्योचं लग्न? शेजारच्या लॉरीला नकार, अख्खं पुस्तक स्वातंत्र्याच्या गप्पा, आणि शेवटी पावसात छत्रीखाली त्या वयस्क प्राध्यापकाला हो!

*

त्याचा दोष ज्योला देऊ नका. पहिला भाग आल्यावर वाचकमुलींनी पत्रांचा पाऊस पाडला होता, हिचं लग्न लावा म्हणून. अल्कॉटबाईंनी मैत्रिणीला लिहिलंय की ज्यो लेखिका म्हणून एकटीच राहायला हवी होती; पण नाही म्हणायची हिंमत होईना, म्हणून खोडसाळपणे विचित्र स्थळ शोधलं. स्वतः त्या शेवटपर्यंत अविवाहित राहिल्या.

माझा अनुभव छोटा आहे. पहिल्या कथेचे ३०० रुपये मनीऑर्डरने आले. मी 'ज्यो'सारखं आईला समुद्रावर नेणार होते. आई म्हणाली, कुकरची रिंग गेलीय, शिट्टीही बदलून आण. उरलेल्यात काकूंना घेऊन भेळ खाल्ली. पोस्टमनला दहा रुपये दिले होते. त्यावरून मात्र बोलणी खाल्ली.

*

साताऱ्याहून परत. दोघीतिघींनी विचारलंय, भावाला माफ केलं का. तो आता माझ्या कथा टाइप करून देतो. मला चष्मा लावूनही फोनवर जमत नाही. न सांगता तीन ठिकाणी प्रती ठेवतो, स्वतःला मेलही करतो. बंबाचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. त्या वहीतलं एकच वाक्य मला अजून पाठ आहे, "तिच्या नेत्रांतून अश्रूंचे मोती ओघळले, जणू मोत्यांचे अश्रू."

परवा त्याला ते म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, पाणी मात्र चांगलं तापलं होतं."