मदत हवी आहे: मोठी फाइल कॉपी करताना लिनक्स डेस्कटॉप हँग होतो

कळफलक (प्रश्न)
डेबियन १२, ग्नोम, १६ जीबी रॅम. ७२०० आरपीएमची एकच साटा हार्ड डिस्क, रूट आणि होम दोन्ही तिच्यावरच, फाइल सिस्टम ईएक्सटी४. व्हर्च्युअल मशीनची ४० जीबीची इमेज त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायला घेतली की मिनिटभरात सगळे अडकते. माउसचा बाण हलतो, पण क्लिक लागत नाही. ब्राउझरचा टॅब बदलायला अर्धा-अर्धा मिनिट लागतो. प्रोसेसर १५ टक्क्यांच्या वर जात नाही. कॉपी 'आयओनाइस -सी३' (डिस्क वापरण्यात कामाला सर्वांत मागे ठेवणारी आज्ञा) लावून केली तरी फरक नाही. कॉपीला वेळ लागला तर चालेल, तेवढ्यात मशीनवर काम करता आले पाहिजे.

तबकडी
आधी एक गोष्ट वेगळी काढू. रॅम संपून स्वॅपिंग (रॅममधला मजकूर डिस्कवर नेणे-आणणे) सुरू झाले तरी लक्षणे हुबेहूब हीच दिसतात, उपाय मात्र अगदी वेगळा. कॉपी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि एसआय, एसओ (स्वॅपची ये-जा), बी (अडकून पडलेल्या प्रक्रिया), डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ, टक्क्यांत) हे रकाने सांगा. सोबत प्रॉक/मेमइन्फोमधली 'डर्टी' ओळ (डिस्कवर जायचा बाकी डेटा) आणि 'आयओस्टॅट -एक्स १' मधला डब्ल्यू_अवेट (एका लिखाणाला लागणारा सरासरी वेळ) हवा. टर्मिनल आधीच उघडून ठेवा, हँग झाल्यावर उघडणार नाही.

कळफलक
एसआय, एसओ दोन्ही शून्य. बी ६ ते ९. डब्ल्यूए ७० ते ८०. डर्टी १.८ ते २ जीबीच्या आसपास जाऊन तिथेच राहते. डब्ल्यू_अवेट ९०० मिलिसेकंदांच्या वर. प्रॉक/प्रेशर/मेमरीमध्ये 'फुल'चा (सगळी कामे एकदम अडकून राहिल्याचा वेळ, टक्क्यांत) दहा सेकंदांचा आकडा शून्य आहे, प्रेशर/आयओचा ६० च्या पुढे.

तबकडी
म्हणजे मेमरीचा प्रश्न नाही. अडचण राइटबॅकची, म्हणजे रॅममध्ये साठलेला डेटा डिस्कवर उतरवण्याची आहे.

प्रोग्रॅमने लिहिलेला डेटा लगेच डिस्कवर जात नाही, आधी रॅममध्ये 'डर्टी' म्हणून साठतो. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो मुळात १० असतो आणि डर्टी_रेशो २०. हे टक्के एकूण रॅमचे नसून मोकळ्या आणि मोकळ्या करता येण्याजोग्या मेमरीचे. तुमच्याकडे ती साधारण १२ जीबी धरा: मागच्या मागे लिहिणे १.२ जीबीला सुरू होते, कमाल हद्द २.४ जीबी. लिहिणाऱ्यांना थोपवणे मात्र या दोन्हींच्या मध्यावर, १.८ जीबीपाशीच सुरू होते. तुमचा आकडा तिथेच रेंगाळतो आहे.

एकाच डिस्कवर वाचणे आणि लिहिणे चालू असल्याने हेड सारखे इकडून तिकडे जाते, त्यामुळे वेग ४० एमबी प्रतिसेकंद मिळाला तरी पुष्कळ. त्या वेगाने १.८ जीबी उतरायला पाऊण मिनिट. ब्राउझर आपल्या छोट्या डेटाबेससाठी एफसिंक करतो (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो) तेव्हा त्याला जर्नल कमिटची (फाइल सिस्टमची बदलनोंद डिस्कवर पक्की होण्याची) वाट पाहावी लागते, आणि ईएक्सटी४च्या 'ऑर्डर्ड' मोडमध्ये कमिटआधी नव्या ब्लॉक्सचा डेटा डिस्कवर जावा लागतो. चार केबीच्या लिखाणाला शेकडो एमबींच्या मागे उभे राहावे लागते. त्यात कॉपीने पेज कॅश (फाइल्सच्या डेटाची रॅममधली प्रत) भरून प्रोग्रॅमची मेमरीतली पाने बाहेर गेली, तर तीही याच रांगेतून परत वाचावी लागतात.

आयओनाइस इथे लागू पडत नाही, कारण बफरमधले लिखाण डिस्कवर नेणारा कर्नलचा फ्लशर थ्रेड आहे, तुमची कॉपी नव्हे.

उपाय: ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये '.कॉन्फ' फाइल करून या दोन ओळी टाका (अर्थात रोमन लिपीत):

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६

म्हणजे ६४ आणि २५६ एमबी. मग 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवा (रोमनमध्ये sysctl). बाइट्स दिले की टक्केवारीचे आकडे आपोआप शून्य दिसतात, घाबरू नका. किंमत एवढीच की लगेच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइल्सही आता डिस्कवर जाऊ लागतील.

साखळदोर
वरचे सगळे पटते, पण शेड्युलर (डिस्कवरच्या मागण्यांचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग) विसरू नका. 'सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर' ही फाइल कॅट करा, चौकटी कंसातला तो चालू असतो. बहुधा एमक्यू-डेडलाइन असेल. फिरत्या डिस्कसाठी बीएफक्यू बराच बरा, कारण संवादी प्रोग्रॅमचे छोटे वाचन तो पुढे घेतो. 'मॉडप्रोब बीएफक्यू' करा, मग त्याच फाइलमध्ये 'बीएफक्यू' लिहा. रीबूटनंतर टिकायला युडेव्हचा (उपकरण सापडले की त्याची सेटिंग लावणाऱ्या सेवेचा) नियम लागेल, त्यात 'क्यू/रोटेशनल' १ असल्याची (म्हणजे डिस्क फिरती असल्याची) अट घाला. एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) हा लावू नका, तिथे त्याचा हिशेबच ओझे होतो.

आणि या एका कामापुरते बघायचे तर पेज कॅश टाळूनच कॉपी करा: डीडी ही आज्ञा, बीएस=४एम, आयफ्लॅग आणि ओफ्लॅग दोन्ही 'डायरेक्ट'. ४० जीबीची इमेज कॅशमध्ये ठेवून उपयोग काहीच नाही. कॉपीला आरसिंक वापरत असाल तर वेगाला मर्यादा घाला: '--बीडब्ल्यूलिमिट=३०एम'.

कळफलक
डर्टी बाइट्स आणि बीएफक्यू दोन्ही लावले. डर्टी आता २०० एमबीच्या आत राहते, टॅब सेकंद-दीड सेकंदात बदलतो. पण कॉपी निम्मी झाल्यावर वेग एकदम १० एमबीखाली येतो आणि डब्ल्यू_अवेट दोन-तीन हजारांवर जातो.

तबकडी
हे सेटिंगचे काम वाटत नाही. 'स्मार्टसीटीएल -ए' (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) मध्ये ५ (बदललेले खराब सेक्टर) आणि १९७ (खराब असल्याचा संशय असलेले सेक्टर) क्रमांकाचे आकडे शून्य आहेत का पाहा, १९९ (डेटा पोचवतानाच्या चुका) वाढत असेल तर केबल बदला. तिन्ही ठीक असतील तर मॉडेल नंबरावरून डिस्क एसएमआर आहे का ते शोधा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून लिखाण आधी वेगळ्या राखीव भागात जाते. तो भरला की डिस्कला पट्टेच्या पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि वेग असाच कोसळतो. कर्नलकडून यावर इलाज नाही. सिस्टम आणि होम एसएसडीवर हलवा, ही डिस्क फक्त साठवणीला ठेवा.