मदत हवी आहे: स्वतःच्या कोट ऑफ आर्म्सचे रंग चुकलेत म्हणे

रानवारा:
कोट ऑफ आर्म्ससाठी, म्हणजे ढालीवरच्या स्वतःच्या अधिकृत चिन्हासाठी, अर्ज करतेय. लाल ढाल, मधे निळा मोर, दोन्ही बाजूंनी ढाल धरणारे हत्ती, वर अशोकस्तंभाचे सिंह. चित्रकाराकडून काढूनही घेतलं. आता एक जाणकार म्हणतात, रंग नियमात बसत नाहीत. कुठला नियम? याच आठवड्यात पाठवायचंय, लवकर सांगा.

घाटवाट:
अर्ज कुठे? लंडन, एडिंबरा की ओटावा? रिवाज वेगवेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये तर 1672च्या कायद्याने नोंदीशिवाय असं चिन्ह वापरणं गुन्हा आहे.

तांबडमाती:
परकी ढाल कशाला? आपल्याकडे देवक आहे की! पंचपल्लव, कळंब, मोरपीस... लग्नात पुजतो ते. तुमच्या घरचं कुठलं?

रानवारा:
ओटावा. कॅनडाची नागरिक आहे. देवक मोरपीस, म्हणूनच मोर घेतला. रंगांचं सांगा ना कुणीतरी!

घाटवाट:
सोनेरी-पिवळा आणि रुपेरी-पांढरा हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको, म्हणजे लांबून ओळखू येतं. लाल ढालीत निळा मोर बुडतो.

जुनीवही:
अर्धंच सांगताय. प्राणी नैसर्गिक रंगांत दाखवला तर ही अट लागत नाही. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर तर रुपेरीवर सोनेरी क्रूस होते.

घाटवाट:
जेरुसलेमचा अपवाद प्रसिद्धच आहे, पण तो अपवाद. सूट मिळाली म्हणून मोर दिसायला लागत नाही. अंगठीच्या खड्याएवढा छापून बघा.

किल्लेदार:
शिवरायांची राजमुद्रा बघा. अष्टकोनी, नुसती अक्षरं, एकही प्राणी नाही. संस्थानिकांना 1877च्या दिल्ली दरबारात ढाली काढलेली निशाणं मिळाली, तीही रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने रेखाटलेली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाग मात्र अस्सल घरचे.

तांबडमाती:
किल्लेदार, नागाच्या कथेवर वेगळा धागा काढाच.

जुनीवही:
रानवारा, रंगांपेक्षा मोठी अडचण हत्तींची आहे. ढाल धरणारे प्राणी कॅनडात सरसकट मिळत नाहीत, ऑर्डर ऑफ कॅनडा या सन्मानाचे सर्वोच्च मानकरी, म्हणजे कंपॅनियन, अशा मोजक्यांनाच. आणि सारनाथचे सिंह काढून टाका, ते भारताचं राजचिन्ह आहे. भारतात त्याच्या गैरवापराविरुद्ध 2005चा कायदा आहे.

रानवारा:
हत्ती मला हवाच आहे. ढाल सोनेरी करते, पिसारा फुलवलेला मोर ठेवते. ढालीच्या वर शिरस्त्राण काढतात, त्यावर अर्धा हत्ती चालेल? आणि ब्रीदवाक्य मराठीत?

जुनीवही:
दोन्ही चालेल. पण चित्रकाराला आता थांबवा. खरं महत्त्व शब्दांतल्या वर्णनाला असतं, त्यावरून दहा जण दहा तऱ्हांनी तोच मोर काढू शकतात. 1988 पासून हे काम बघणाऱ्या कॅनेडियन हेराल्डिक ऑथॉरिटीचे हेराल्ड, म्हणजे अशी चिन्हं ठरवणारे अधिकारी, तुमच्याशी बोलूनच रचना ठरवतात. आधी अर्ज आणि स्वतःची माहिती पाठवा. देवकाबद्दल त्यात सविस्तर लिहा, मोर कुठून आला ते त्यांना कळू दे.