प्रति: गिटवर गेल्यास गावाकडच्यांचं काय?

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सबव्हर्जनवरून गिट या तशाच दुसऱ्या साधनावर जावं का, या चर्चेतलं "सबव्हर्जनमध्ये फक्त ताजी प्रत उतरते, गिटमध्ये सगळा इतिहास ओढावा लागतो, म्हणून खेड्यातल्यांसाठी सबव्हर्जनच ठेवा" हे अर्धंच पटलं. पहिल्या क्लोनचा, म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रत उतरवण्याचा, त्रास खरा आहे. आमच्याकडे आर्णीच्या बाजूला लाइन गेली की टॉवरही जातो, आणि अर्ध्यात तुटलेला गिट क्लोन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पण सबव्हर्जनमध्ये साधा कमिट (बदलाची नोंद) करायला, जुना लॉग पाहायलाही सर्व्हर लागतो. आम्हाला रोज नडतं ते हे.

पहिल्या क्लोनवर उपाय आहे, तो इथे कोणी मांडला नाही: गिट बंडल. यवतमाळच्या मित्राने 'गिट बंडल क्रिएट' वापरून अख्खी रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) एका फाइलमध्ये बांधली, पेनड्राइव्हवर दिली. त्यावरून क्लोन केला, 'रिमोट सेट-यूआरएल'ने सर्व्हरचा खरा पत्ता लावला, मग फेचमध्ये (सर्व्हरवरून नवं ओढताना) फक्त नवे कमिट आले. मोबाइलच्या डेटावर आरामात.

मात्र बंडल वाटण्याआधी ऑथर्स फाइल पक्की करा, म्हणजे गिटमध्ये रूपांतर करताना कोणतं युजरनेम कोणाचं हे सांगणारी यादी. सबव्हर्जनमध्ये नुसतं युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल लागतो. नंतर एक नाव जरी दुरुस्त केलं तरी तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळख क्रमांक) बदलतात, मग वाटलेल्या बंडलचा इतिहास नव्या रिपॉझिटरीशी जुळत नाही.