अकरावीच्या मुलीला बिनलायसन्सची ई-स्कूटर... हेल्मेट वगैरेचं काय करता?

कोथरूडची_आई:
नमस्कार मंडळी. लेक अकरावीला गेलीये, कॉलेज आणि क्लास दोन्ही डेक्कनला, कर्वे रोडने जायला तिला ती लायसन्स न लागणारी ई-स्कूटर घ्यावी असं चाललंय. दुकानदार म्हणाला मॅडम हिला लायसन्स नाही, पासिंग नाही, हेल्मेट पण नाही, आणि हवं तर एक वायर काढून ४५ ने पळेल अशी करून देतो. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. तुमच्याकडे मुलं चालवत असतील तर काय सवयी लावल्यात सांगा प्लीज.

नानाकाका:
ताई, वायरीला आधी नाही म्हणा. ही सूट मोटर २५० वॉटच्या आत आणि स्पीड ताशी २५ किमीच्या आत असेल तरच आहे. त्याच्यावर गेली की ती कायद्याने मोटार वाहन, म्हणजे नंबर प्लेट, इन्शुरन्स, लायसन्स सगळं आलं, आणि मूल १८ च्या खालचं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बरं ब्रेक पण २५ च्या हिशोबानेच दिलेले असतात ना. हेल्मेट आयएसआयचंच घ्या, फुटपाथवरचं प्लास्टिकचं टोपलं नको.

पेडलवाला:
मी रोज सायकलने सिंहगड रोड करतो, माझं एकच कळकळीचं सांगणं, बसच्या डाव्या बाजूने कधीही घुसायचं नाही. बस स्टॉपला वळते तेव्हा ड्रायव्हरला ती फट दिसतच नाही आणि आपण बस आणि फुटपाथच्या मध्ये सापडतो. दुसरं म्हणजे उभ्या गाड्यांपासून एक दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेवायचं, रिक्षातून पण लोक मागे न बघता उतरतात. आणि ई-स्कूटरचा आवाज नसतो हे तिला नीट समजवा, माणसं कानाने रस्ता क्रॉस करतात, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी स्लो करून हॉर्न द्यायचाच.

मेघा_हडपसर:
माझी भाची चालवते. दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, थांबल्यावर चावी बंद केल्याशिवाय गाडीला हात लावून ढकलायचं नाही, आवाज नसल्याने चालू आहे हे कळतच नाही आणि ढकलताना थ्रॉटल पिळला गेला की गाडी हातातून सुटते, आमच्या पार्किंगमध्ये भिंतीवर गेली होती, नशीब समोर कोणी नव्हतं. दुसरं ओढणी. स्कार्फची टोकं जॅकेटच्या आत खोचूनच निघायचं, मागे लोंबली आणि चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. हेल्मेटचा पट्टा लावला की हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील एवढा घट्ट हवा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं पडताना आधी तेच उडतं.

कोथरूडची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. वायर कॅन्सल, दुकान पण बदलतेय. पावसात देऊ का हो चालवायला?

नानाकाका:
पहिला पावसाळा नको, पीएमपीच्या बसने जाऊ दे. तोवर सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी पाणी मारून ब्रेकची प्रॅक्टिस करून घ्या, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू, हँडल सरळ ठेवून. ड्रेनेजची झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे ओले असले की त्यावर ब्रेक नाही मारायचा, हे तेव्हाच दाखवा.