तांब्याच्या खाणीचा शेअर: राइट्स भरावा की सोडावा?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतंच वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना. सोळा माग होते. २०२२ साली त्यातले आठ भंगाराच्या भावानं काढले, चालवायला माणूसच मिळेना. त्या पैशातले १,८४,००० रुपये त्या दिवाळीत एका खाण कंपनीत घातले. ४,००० शेअर, सरासरी ४६ रुपयांनी. कंपनीचं आणि राज्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की इथं दोन पार्ट्या पडतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

घेतला कसा, तर पार्क चौकात सकाळी फिरून झालं की आम्ही चौघं चहाला बसतो. तिथं एकानं सांगितलं, गाड्या विजेवर जाणार, तांबं लागणार, आणि ह्या कंपनीनं लिलावात तांब्याचा ब्लॉक, म्हणजे खनिजाचा जमिनीचा तुकडा, मारलाय. चौघांनीही घेतला. आता चहाला तो विषय कुणी काढत नाही. घरात एखाद्याचं लग्न मोडलं की कसं गप्प बसतात, तसं.

कंपनी अजून काहीच काढत नाही, माती सुद्धा नाही. दर तिमाहीला एक्सचेंजवर कागद येतो, त्यात "शोधकार्य ॲडव्हान्स्ड स्टेजला". मी माझ्या सूतवाल्याला सांगून बघतो की पेमेंट ॲडव्हान्स्ड स्टेजला आहे, संध्याकाळी दारात येऊन बसेल. सिद्धेश्वराची यात्रा तीनदा होऊन गेली, ह्यांचा ड्रिलिंगचा पूर्ण निकाल काही येईना. मध्ये एकदा आला होता, "१२ मीटर, १.१ टक्के तांबं". त्या दिवशी अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला भाव. पुढच्या महिन्यात भाव परत जाग्यावर.

गेल्या सप्टेंबरच्या एजीएमला, म्हणजे कंपनीच्या वार्षिक सभेला, मी स्पीकर म्हणून नाव दिलं. व्हिडिओवरच असते हल्ली. कारखान्याच्या ऑफिसात बसलो, आठ माग बंद करायला लावले, आवाज नको म्हणून. पाऊण तासानं माझं नाव पुकारलं. प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता: खाणपट्टा (खणायचा हक्क) कधी आणि तोवर खर्च कुठून? मी बोलतोय, बोलतोय, आणि तिकडून "सर, आपण म्यूटवर आहात". अनम्यूट करेस्तोवर "धन्यवाद, पुढचे भागधारक". ज्याचा नंबर लागला त्यानं अध्यक्षांना सुदृढ आरोग्य चिंतिलं.

आता मुद्द्याचं. राइट्स इश्यू आलाय, म्हणजे कंपनी जुन्या भागधारकांना ठरल्या भावानं नवे शेअर देऊ करतेय. २ शेअरला १, भाव १८ रुपये. बाजारात आज २३. म्हणजे मला २,००० शेअर मिळतात, ३६,००० भरायचे. मित्र म्हणतो, २३ चा माल १८ ला मिळतोय, डोळे झाकून भर, सरासरी पण खाली येते. बायको म्हणते, आठ माग त्यात गेले, आता नववा कुठला घालणार? दोघांचंही मला पटतं, हीच अडचण.

तुमच्यापैकी कुणी असल्या कंपनीत अडकून बसलेलं असेल तर सांगा, वाट बघताना नेमकं बघायचं काय?

मोहोळचा_बोअरवाला

मालक, शेअरमधलं मला कळत नाही. पण माझी बोअरची गाडी आहे, १९ वर्षं झाली, म्हणून भोक पाडण्याबद्दल बोलतो.

आपल्याकडं गिऱ्हाईक आधी पाणाड्या आणतं. तो तळहातावर नारळ धरून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचा. मग मी गाडी लावतो. वर मुरूम, खाली मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच गेरूची तांबडी पट्टी. पाणी लागलं तर पाणाड्या देवमाणूस. कोरडा गेला, नुसता फुफाटा उडाला, तरी पाणाड्याला नारळ आणि माझं फुटाप्रमाणं बिल चुकत नाही. बुडतो तो शेतकरी. त्यातही वाईट म्हणजे ४०० फुटाला तो म्हणतो, "आणखी १०० मारा, एवढं आलोय तर." बायकोचं डोरलं गहाण ठेवून पुढचे १०० फूट मारलेली माणसं मी बघितलीत. मी कधी थांबा म्हटलं, कधी नाही म्हटलं. माझाही धंदा आहे.

तुमचा राइट्स मला त्या पुढच्या १०० फुटासारखा वाटला. अर्थात कधी कधी ४६० ला पाणी लागतं, ते पण खरं.

एक विचारतो. आमच्या गाडीतून दगडाचा चुरा वर येतो. खाणवाल्यांची मशीन अख्खा दांडा काढते म्हणतात, तो दांडा कुणाला बघायला मिळतो का?

शेअरबाजार_किंग

पेनी स्टॉक घ्यायचा आणि मग रडायचं. निफ्टी ईटीएफ घ्या आणि झोपा.

जुना_भूवैज्ञानिक

बोअरवाल्यांचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, म्हणून आधी तोच घेतो. (वरच्या किंगसाहेबांना नमस्कार.)

मी मूळचा सोलापूरचा, उत्तर कसब्यातला. नोकरी मात्र सगळी बाहेर झाली, कारण आपल्या पायाखाली सगळा दख्खनचा काळा बेसाल्ट, त्यात तांब्याच्या खाणीचं काही नाही. त्या दांड्याला कोर म्हणतात. हिऱ्याच्या कड्याचं बिट फिरतं आणि मधला दगड अखंड राहून नळीत येतो. मनगटाएवढा जाड. तो खोक्यात ओळीनं मांडतात, दर खोक्यावर भोकाचा नंबर आणि खोली. मग करवतीनं उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा खोक्यात तसाच. तो उरलेला अर्धा फार महत्त्वाचा, उद्या कुणाला शंका आली तर परत तपासता यावा म्हणून. कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीनं इंडोनेशियातल्या बुसांगला हेच केलं नाही, अख्खा कोर दळायला पाठवला. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं होतं हे १९९७ मध्ये उघड झालं, तोवर कंपनीचं बाजारमूल्य काही अब्ज डॉलरवर गेलेलं. त्यानंतर कॅनडानं २००१ पासून नियम केला, खाणीचा अहवाल पात्र तज्ज्ञाच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. तुमच्या कंपनीच्या कागदावर भूवैज्ञानिकाचं नाव आणि सही आहे की नुसतं कंपनी सेक्रेटरीचं, ते बघा.

आता ते "१२ मीटर, १.१ टक्के". खोटं नसेल. पण समजा त्यातल्या एकाच मीटरात ७.६ टक्के आहे आणि उरलेल्या अकरात ०.५. बेरीज १३.१, भागिले १२, झालं १.१. खनिजाची शिर एक मीटरची, बाकी पाणी घातलेलं ताक. शिवाय तिरक्या शिरेला भोक तिच्याच अंगानं पाडलं तर एक मीटरची शिर पाच मीटरची दिसते. म्हणून मीटरमागे आकडे दिलेत का आणि खरी जाडी लिहिली आहे का, हे दोन शोधा. नसेल तर ती बातमी समजू नका.

उशिराबद्दल मात्र कंपनीला सरसकट शिव्या देऊ नका. लिलावात ब्लॉक मिळणं म्हणजे खाण मिळणं नव्हे. बहुधा त्यांना संमिश्र परवाना मिळालाय. त्यात आधी शोध घ्यायचा, किमान जी-२ पातळीपर्यंत साठा दाखवायचा, मगच खाणपट्टा. जी-४ ला जमीन चाळायची, जी-३ ला लांब लांब भोकं, जी-२ ला जवळ जवळ. पुढं नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडं खाण आराखडा, पर्यावरण मंजुरी, त्यासाठी जनसुनावणी, जंगल असेल तर वनखात्याची परवानगी. तीन वर्षांत हे सगळं होणार असं ज्यानं तुम्हाला पार्क चौकात सांगितलं, चूक त्याची.

पण एक प्रश्न तुमच्यापैकी कुणीच विचारला नाही. लिलावात बोली किती टक्क्यांची होती? २०१५ नंतर ब्लॉक लिलावानं जातात आणि जो खनिजाच्या मूल्याचा जास्त टक्का राज्याला कबूल करतो तो जिंकतो. रॉयल्टी त्याच्यावर वेगळी. लोखंडाच्या काही खाणींत ही बोली १०० टक्क्यांच्या वर गेली आहे. तुमच्या ब्लॉकची बोली राज्याच्या खाण संचालनालयाच्या निकालपत्रात मिळेल. ती बघून परत या.

हिशोबनीस_पुणे

सरासरी खाली आणणं हा विचार पहिला सोडा. ४६ ला काय घेतलं ते कंपनीला माहीत नाही आणि खाणीलाही नाही.

लेटर ऑफ ऑफरमध्ये, म्हणजे राइट्सच्या माहितीपत्रकात, "इश्यूची उद्दिष्टं" म्हणून एक तक्ता असतो. तेवढं पान काढा आणि दोन गोष्टी सांगा: किती पैसे खरंच ड्रिलिंगला चाललेत, आणि तुम्ही घेतला तेव्हा एकूण शेअर किती होते.

आणि अर्ज करायचा नसेल तरी हात जोडून बसू नका. डीमॅटला राइट्स एन्टायटलमेंट, म्हणजे नवे शेअर मागायचा हक्क, जमा होईल, शेअरसारखीच ओळ दिसेल, शेवटी आरई लिहिलेलं. ती बाजारात विकता येते. हिशेबानं भाव असा, २३ हा हक्क सुटायच्या आधीचा भाव धरून: दोन जुने २३ चे, एक नवा १८ चा, मिळून ६४, भागिले तीन म्हणजे २१.३३. त्यातून १८ वजा, ३.३३. तुमच्या २,००० चे साडेसहा हजारांच्या आसपास. त्याचं ट्रेडिंग इश्यू बंद व्हायच्या काही दिवस आधीच थांबतं. विकलं नाही, अर्जही केला नाही, तर शून्य.

टॉवेलवाला_सोलापूर

काल रात्री ते पान काढून बसलो. चष्मा, कॅल्क्युलेटर आणि कडक भाकरी-शेंगाचटणी, एवढ्यावर दीडपर्यंत.

इश्यू ५४ कोटींचा. १७ कोटी प्रवर्तकानं कंपनीला दिलेली उसनवारी फेडायला. १३.५ कोटी "सर्वसाधारण कामकाज". दीड कोटी इश्यूचा खर्च. ड्रिलिंग आणि तपासणीला २२. म्हणजे माझ्या १८ रुपयांतले ७ रुपये ३३ पैसे जमिनीत जाणार. मागावर एवढी घट आली असती तर मी जॉबरला, म्हणजे मागांच्या मुकादमाला, दारात उभं केलं नसतं.

शेअरचं ऐका. मी घेतले तेव्हा ४ कोटी. गेल्या वर्षी प्रेफरन्शिअलनं, म्हणजे निवडक लोकांना नवे शेअर देऊन, कुणाकुणाला वाटून ६ कोटी केले, तो कागद मी वाचलाच नव्हता. आता राइट्सनंतर ९ कोटी. तेव्हा दहा हजारात माझा एक होता, आता काही भरलं नाही तर साडेबावीस हजारात एक. भरलं तरी पंधरा हजारात एक. ब्लॉक तोच, तांबं जेवढं असेल तेवढंच. मी तीन वर्षं भाव बघत बसलो आणि खालून माझी जमीन कमी होत गेली.

बोलीचा निकालही सापडला. ६४ टक्के. हे जास्त का कमी, ते भूवैज्ञानिक काका सांगतील.

भूवैज्ञानिकाची सही नाही. मीटरमागचे आकडे नाहीत. कंपनीला मेल टाकलाय, दोन ओळींचा, कोर कुठं ठेवलाय आणि भागधारकाला बघता येईल का. उत्तर आलं: "आपला संदेश संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे."

जुना_भूवैज्ञानिक

१०० रुपयांचं खनिज निघालं की ६४ राज्याचे, वर रॉयल्टी. उरलेल्यात खणायचं, दळायचं, मजुरी, डिझेल, कर्ज. ५ टक्क्यांचं तांबं असेल तर कदाचित. १.१ ला, तेही पातळ केलेल्या १.१ ला, मला गणित बसत नाही. मी चुकत असेन तर कंपनीनं व्यवहार्यता अहवाल दाखवावा, मी इथंच माफी मागेन.

टॉवेलवाला_सोलापूर

आज सकाळी आरई विकले. २ रुपये ८० पैशांनी, २,००० चे ५,६००. सूतवाल्याचं जुनं बिल होतं, त्यात दिले. मूळचे ४,००० ठेवलेत. का ठेवलेत ते विचारू नका, या भावाला विकायला हात जात नाही एवढंच.

चहाच्या कट्ट्यावर आज मीच विषय काढला. एकानं ५०,००० भरलेत. दुसऱ्यानं भरायचे नव्हते, पण आरई विकता येतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या मोबाइलवर ती ओळ दाखवली, तो म्हणाला, "हे काय बे, मला वाटलं बोनस आलाय." परवापर्यंत मुदत आहे. आता त्याच्याच घरी चाललोय, त्याचा पासवर्ड त्याच्या पोराकडं आणि पोरगं हिंजवडीला.

मोहोळचा_बोअरवाला

मालक, पोराला फोन लावा आधी, मग निघा. आणि तो कोर बघायला बोलावलंच कुणी, तर मला पण सांगा. डिझेल माझं.